वेगाचा कॅम : लाभ आणि किंमत

मनुष्याला वाहन मिळालें कीं त्याचा वेग वाढविण्याची इच्छा पाठोपाठ येतेच. घोड्याच्या काळीं ही इच्छा दाणावैरण आणि जातिवंत पैदास यांवर भागत असे. मोटारीच्या काळांत ती एंजिनाच्या पोटांतील एका दांड्यापाशीं येऊन ठेपली. तो दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. कारखान्यानें बसविलेला कॅमशाफ्ट काढून त्या जागीं शर्यतीसाठीं घासलेला दुसरा बसवावा कीं नाहीं, हा प्रश्न सुमारें शंभर वर्षें विचारला जात आहे. विकणाराचें उत्तर ठरलेलें असतें. खरें उत्तर हवें असेल, तर ज्यांनीं या दांड्यावर आपला पैसा आणि आयुष्य खर्च केलें, त्यांच्या इतिहासाकडे पाहिलें पाहिजे.

प्रथम या दांड्याचें काम समजून घेणें अवश्य आहे. सिलिंडरांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण एका झडपेवाटे आंत येतें, दट्ट्यानें दाबलें जातें, ठिणगीनें पेटतें, आणि जळलेला वायु दुसऱ्या झडपेवाटे बाहेर जातो. या झडपा केव्हां उघडाव्या, किती उघडाव्या आणि किती वेळ उघड्या राहाव्या, हें कॅमशाफ्टवरील अंडाकृति उंचवटे ठरवितात. या उंचवट्यांनाच कॅम म्हणतात. एंजिन मिनिटास १००० फेरे करीत असेल, तर एका फेऱ्यास सेकंदाचा सुमारें सतरावा भाग मिळतो. फेरे ५००० झाले कीं तोच अवधि त्र्याऐंशीव्या भागावर येतो. इतक्या अल्प काळांत सिलिंडर पुरता भरत नाहीं, आणि एंजिनाला जणूं धाप लागते. त्यावर उपाय एकच : झडप लवकर उघडावी आणि उशीरा मिटावी. वेगानें आंत येणाऱ्या वायूलाही स्वतःचा रेटा असतो. दट्ट्या परत फिरूं लागला तरी तो रेटा आणखी थोडें मिश्रण आंत लोटतो. शर्यतीच्या कॅमचें सारें रहस्य एवढेंच आहे.

परंतु हाच उपाय मंद गतीला अपाय ठरतो. फेरे कमी असतां वायूच्या अंगीं तो रेटा नसतो. उशीरा मिटणाऱ्या झडपेतून आंत आलेलें मिश्रण दट्ट्या उलट मागें लोटतो. त्यांतच दोन्ही झडपा कांहीं क्षण एकदम उघड्या राहतात, त्यामुळें जळका धूर ताज्या मिश्रणांत मिसळतो. एंजिन उभ्या गाडींत गचके खातें, चढावर दम सोडतें आणि पेट्रोलही अधिक पितें. तार सप्तकासाठीं गळा तयार करतांना खर्ज गमवावा, तसा हा प्रकार आहे. अश्वशक्ति ही एंजिनाचा पीळ आणि त्याचे फेरे यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणून पीळ न वाढतांही फेरे वाढले कीं अश्वशक्तीचा आंकडा फुगतो. आंकडा खोटा नसतो. मात्र तो किती फेऱ्यांवरचा आहे, हें विचारावें लागतें.

हा व्यवहार ज्यांनीं प्रथम व्यवसायाच्या पायरीवर नेला, त्यांत कॅलिफोर्नियांतील एड विनफील्ड याचें नांव अग्रभागीं येतें. त्याचा जन्म १९०१ सालचा. लॉस एंजल्समधील विख्यात शर्यत-यंत्रकार हॅरी मिलर याच्या कारखान्यांत त्यानें लहानपणींच उमेदवारी केली. पुढें कार्बुरेटर बनविण्यांत त्यानें नांव मिळविलें आणि १९२० नंतरच्या दशकांत तो कॅम घासूं लागला. आपल्या घासणीची रीत तो कोणास सांगत नसे. इंडियानापोलिसच्या शर्यतींत उतरणारे लोक त्याचे कॅम वापरीत, आणि तें योग्यच होतें. कारण तेथें एंजिन आरंभापासून शेवटपर्यंत उच्च फेऱ्यांवरच धांवतें.

सामान्य तरुणापर्यंत हा प्रश्न पोंचला तो १९३२ सालीं. त्या वर्षीं हेन्री फोर्डनें आठ सिलिंडरांचें व्ही-आकाराचें एंजिन स्वस्त गाडींत घालून बाजारांत आणलें. त्याचें आकारमान २२१ घन इंच, म्हणजे सुमारें ३.६ लिटर, आणि शक्ति ६५ अश्वशक्ति होती. १९०८ सालच्या मॉडेल टी गाडीची शक्ति अवघी २० होती, हें लक्षांत घेतां ही झेप केवढी, तें कळून येईल. थोड्याच वर्षांत या गाड्या जुन्या बाजारांत आल्या आणि बेताच्या मिळकतीच्या पोरांच्या हातीं पडल्या. लॉस एंजल्सच्या उत्तरेस मोहावी वाळवंटांत म्युरॉक नांवाचें कोरडें सरोवर आहे. त्याच्या मैलोगणती सपाट तळावर हीं मुलें आपल्या गाड्यांचा वेग घड्याळ लावून मोजीत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं एकत्र येऊन दक्षिण कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापिली.

खरी अडचण येथेंच होती. यांतील बहुतेकांपाशीं एकच गाडी असे. तीच चालवीत ते डोंगर ओलांडून वाळवंटांत येत, तेथें मडगार्ड व कांच उतरवून धांवत, पुन्हां सारें जोडून घरीं परतत आणि दुसऱ्या दिवशीं त्याच गाडींतून कामावर जात. सरोवरावर ना चढ, ना चौक, ना पोलिसाचा हात. शर्यतीचा कॅम तेथें सोन्याच्या मोलाचा. शहरांत मात्र तोच जिवाला घोर. म्हणूनच कॅमचे दर्जे निर्माण झाले : अर्ध-शर्यती, पाऊण-शर्यती आणि पूर्ण-शर्यती. हीं नांवें म्हणजे एक प्रकारची कबुलीच होती. सरोवरावर जितकें मिळवाल, तितकें रस्त्यावर सोडावें लागेल, आणि किती सोडावयाचें हें ज्याचें त्यानें ठरवावें, असा त्यांचा अर्थ होता.

१९२१ सालीं कॅलिफोर्नियांतील एका आर्मेनियन कुटुंबांत जन्मलेला एड इस्केंदेरियन याच पिढींतला. विनफील्डचें काम त्यानें जवळून पाहिलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत विमानदळाची नोकरी करून तो परतला, तेव्हां कॅमला गिऱ्हाईक इतकें वाढलें होतें कीं घासून मिळण्यास खोळंबावें लागे. त्यानें एक साधें घासणीयंत्र विकत घेतलें, त्यांत स्वतः फेरफार केले आणि कॅम घासण्यास आरंभ केला. जानेवारी १९४८ मध्यें ‘हॉट रॉड’ मासिक निघालें, आणि कोपऱ्यावरच्या छपरींतला हा धंदा जाहिरातींच्या द्वारें देशभर पसरला.

तथापि कॅमची मर्यादाही याच एंजिनानें दाखवून दिली. फोर्डच्या या एंजिनाच्या झडपा सिलिंडरांच्या बगलेस असत. मिश्रणाला वळसे घेत आंत यावें लागे, आणि जळका वायु सिलिंडरांच्या मधून, लोखंडाच्या ठोकळ्याला तापवीत बाहेर पडे. झडप कितीही वेळ उघडी ठेवली, तरी वाकडी वाट कांहीं सरळ होत नाहीं. ही गोष्ट ओळखली झोरा आर्कस-डुंटोव्ह यानें. रशियन आईबापांच्या पोटीं १९०९ सालीं ब्रुसेल्स येथें जन्मलेला हा यंत्रज्ञ महायुद्धांत अमेरिकेस आला. युद्ध संपल्यावर त्यानें व त्याच्या भावानें ‘आर्डुन’ नांवाचीं नवीं डोकीं बनविलीं. तीं बसविलीं कीं झडपा सिलिंडरांच्या माथ्यावर येत आणि श्वासाचा मार्ग मोकळा होई. कल्पना उत्तम होती. परंतु तीं महाग पडलीं आणि थोडींच खपलीं.

तोच डुंटोव्ह १९५३ सालीं जनरल मोटर्समध्यें गेला. १९५५ सालीं शेव्रोलेचें नवें २६५ घन इंची एंजिन निघालें. त्याच्या झडपा मुळांतच माथ्यावर होत्या. आतां मात्र त्यानें कॅमच हातीं घेतला. त्यानें आंखलेल्या कॅमच्या बळावर जानेवारी १९५६ मध्यें फ्लोरिडांतील डेटोनाच्या पुळणीवर कॉर्व्हेट गाडीनें ताशीं १५० मैलांचा वेग गांठला. पुढें हा कॅम गिऱ्हाइकांनाही मिळूं लागला. पण तो केवळ शर्यतीसाठीं घ्यावा, असें कंपनीनेंच सुचविलें होतें. एकाच मनुष्यानें आधीं वाट मोकळी केली आणि मग कॅम बदलला, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

या जुन्या वादाला १९८९ सालीं जपानांत निराळें वळण लागलें. होंडानें इंटेग्रा गाडींत एकाच कॅमशाफ्टवर मंद गतीसाठीं एक आणि जलद गतीसाठीं दुसरा असे कॅम बसविले, आणि तेलाच्या दाबानें एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय केली. १.६ लिटरच्या त्या लहानशा एंजिनानें मिनिटास ७६०० फेऱ्यांवर १६० अश्वशक्ति दिली, आणि तरीही तें बाजारहाटाला नेण्याजोगें राहिलें. म्हणजे एका कॅमला दोन्ही कामें साधत नाहींत, हें मान्य करूनच यंत्रज्ञांनीं तोड काढली. त्यानंतर झडपांची वेळ बदलणाऱ्या योजना सामान्य गाड्यांतही रूढ झाल्या.

तेव्हां आज कोणी कॅम बदलण्याचा विचार करीत असेल, तर त्यानें अश्वशक्तीचा आंकडा विचारण्यापूर्वीं दोन प्रश्न स्वतःस विचारावे. आपलें एंजिन दिवसाचा बहुतेक काळ किती फेऱ्यांवर चालतें ? आणि कॅमशीं जुळतील अशा झडपांच्या स्प्रिंगा, मिश्रणाचा दाब, धुराचा मार्ग व गिअर यांची तरतूद आहे काय ? नव्या गाड्यांत पेट्रोलाचें माप संगणक ठरवितो. त्यालाही नवा पाठ द्यावा लागतो. शिवाय भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें उत्पादकाच्या तपशिलाबाहेर गाडींत फेरफार करण्यावर बंधनें घातलीं आहेत. शर्यतीच्या मैदानावर, जुळवून बसविलेल्या एंजिनांत, कॅमचा पैसा वसूल होतो. शहराच्या गर्दींत दर दोनशें पावलांवर थांबणाऱ्या गाडीला तो कॅम भूषण नव्हे, ओझें होतो. तिच्या मालकानें तोच पैसा ठिणगी, झडपांची घासणी आणि वेळच्या वेळीं दुरुस्ती यांवर खर्च करावा. म्हणजे कारखान्यानें दिलेली शक्ति तरी पुरती हातीं येईल.