निर्जन अरण्याची घडण

पाइनच्या अरण्यात तंबू ठोकून राहणाऱ्याला वाटत असते, की आपल्यापूर्वी येथे मनुष्य आलाच नव्हता. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या ॲल्गॉन्क्विन उद्यानाचा इतिहास ही समजूत टिकू देत नाही.

७,६०० चौरस किलोमीटरांहून मोठे हे उद्यान १८९३ साली कायद्याने स्थापन झाले. डोंगी वल्हवत सरोवरामागून सरोवर पार करायचे आणि रात्री काठावर शेकोटी पेटवायची, यासाठी ते आज प्रसिद्ध आहे. स्थापनेमागचा मुख्य हेतू मात्र वेगळा होता. नद्यांची उगमस्थाने व वन्य प्राणी राखावेत आणि शेतीसाठी जंगल जाळणाऱ्या वसाहतकऱ्यांना दूर ठेवावे, असा तो विचार होता. लाकूडवाल्यांना हे सोयीचेच होते. शेतकऱ्याला मज्जाव झाला. कुऱ्हाडीला झाला नाही. व्हाइट पाइनचे प्रचंड वृक्ष त्याआधीच कित्येक दशके तोडून नदीच्या प्रवाहात सोडले जात होते. पुढे हौशी प्रवाशांना येथवर आणणारा लोहमार्गही जे. आर. बूथ या लाकडाच्या व्यापाऱ्यानेच बांधला.

टॉम थॉमसन हा चित्रकार १९१२ पासून येथे येऊ लागला. १९१६-१७ च्या हिवाळ्यात, आयुष्यातील अखेरच्या हिवाळ्यात, त्याने टोरांटोत बसून दोन चित्रे रंगवली. ‘द जॅक पाइन’मध्ये सरोवराकाठी एकाकी झाड आहे, ‘द ड्राइव्ह’मध्ये बंधाऱ्यातून ओंडके लोटणारे मजूर आहेत. दोन्ही एकाच अरण्याची. पण राष्ट्राचे प्रतीक ठरले ते पहिले चित्र, ज्यात माणूस नाही.

या निर्जनतेची खरी किंमत मोजली ती ज्यांचे नाव उद्यानाला दिले, त्या ॲल्गॉन्क्विन लोकांनी. त्यांच्या परंपरागत भूमीवर शिकारबंदी आली आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारा मनुष्य एकाएकी चोर ठरला. ही भूमी आपण कोणत्याही तहाने दिलेली नाही, हे त्यांचे म्हणणे जुने आहे. त्यावर सरकारांशी तत्त्वतः करार व्हायला २०१६ साल उजाडले.

उद्यानाच्या मोठ्या भागात आजही नियमबद्ध वृक्षतोड चालते. म्हणून तेथे तंबूच ठोकू नये, असे नव्हे. शहरातून आलेल्या माणसाला मिळणारी तेथील शांतता खोटी नसते. एवढेच, की ती अनादि नाही. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, या निर्णयांतून ती घडली आहे.