चिंतनशील परिचर्या : अनुभवातून कौशल्याकडे

अतिदक्षता, कर्करोग, मूत्रपिंडविकार यांसारख्या विशेष विभागांतील परिचारिकेचे कौशल्य केवळ सेवेची वर्षे वाढल्याने वाढत नाही. आलेल्या अनुभवाचा पद्धतशीर फेरविचार करणे त्यासाठी आवश्यक असते. या पद्धतीस 'चिंतनशील परिचर्या' म्हणता येईल.

अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काम सुरू असतानाचे चिंतन आणि काम संपल्यानंतरचे चिंतन असे दोन प्रकार सांगितले. पुढे १९८८ मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी चिंतनाचे सहा टप्पे मांडले. घटनेचे वर्णन, त्या वेळच्या भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृतीचा आराखडा असे ते टप्पे होत.

एक उदाहरण पाहू. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण रात्री अस्वस्थ होतो. वेदना होत असावी असे समजून परिचारिका डॉक्टरांना कळवते. काही वेळाने श्वासनलिकेतील नळीत स्राव साचल्याचे लक्षात येते व तो काढल्यावर रुग्ण शांत होतो. 'यापुढे अधिक दक्ष राहीन' एवढीच नोंद येथे पुरेशी नाही. आपण वेदनेचाच विचार प्रथम का केला, कोणते लक्षण नजरेतून सुटले, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. त्यातूनच पुढच्या वेळी आधी नळी, स्राव व प्राणवायूची पातळी तपासण्याचा क्रम निश्चित होतो.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून परिचारिकांना नोंदणी कायम राखण्यासाठी दर तीन वर्षांनी पाच लेखी चिंतन-नोंदी तयार कराव्या लागतात व त्यांवर नोंदणीकृत सहकाऱ्याशी चर्चा करावी लागते. भारतातील परिचर्या प्रशिक्षणात प्रात्यक्षिकांची नोंदवही परिचित आहे. मात्र 'काय केले' हे नोंदवही सांगते, तर 'तसे का केले' हे चिंतनातून उलगडते.

चिंतन-नोंदीत रुग्णाची ओळख पटेल असा तपशील नसावा. तसेच नोंदीचा उपयोग दोषारोपासाठी होऊ नये. शिक्षेचे भय असेल तेथे चुका लिहिल्या जात नाहीत, आणि जी चूक लिहिली जात नाही, तिची किंमत पुढच्या रुग्णाला मोजावी लागू शकते.