आक्काची नाव, अण्णांचा रेगाटा

आमच्या घरात दोन नद्या नांदत होत्या. आक्का, म्हणजे माझी आजी, कृष्णाकाठची, सांगलीजवळच्या डिग्रजची. आणि अण्णा, तिचे धाकटे दीर, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, त्यामुळे मुळा-मुठेचे. दीर-भावजयीचं नातं, चिडवाचिडवी हक्काची. संध्याकाळी ओसरीवर शेंगा फोडत बसलं की बोलणं कुठूनही सुरू होवो, फिरून नदीवर यायचं. आणि नदीवर आलं की होडीवर.

आक्का सांगायची, तिचं वऱ्हाड नावेतून कृष्णा ओलांडून आलं. अण्णा म्हणायचे, शक्यच नाही वहिनी, आयर्विन पूल झाला होता. सांगलीचा आयर्विन पूल १९२९च्या नोव्हेंबरात खुला झाला, आणि आक्काचं लग्न त्याच सुमाराचं. सारडा कायदा १९३०च्या एप्रिलपासून लागू होणार, मग चौदाच्या आतली मुलगी उजवता येणार नाही, म्हणून तेव्हा घरोघरी लगीनघाई उडाली होती. त्या घाईत तेराव्या वर्षी आक्का बोहल्यावर उभी राहिली. ते पूल खुला होण्याच्या आधी की नंतर, यावर आमच्या घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. अण्णा बोटांवर महिने मोजायचे. आक्का म्हणायची, "पुलावरनं आले असते तर पाऊल भिजलं नसतं. माझ्या पायातलं जोडवं ओलं होतं, ते मला आठवतंय की." यावर अण्णांपाशी उत्तर नसे.

तिच्या त्या नावेचं वर्णन मात्र पक्कं होतं. फळ्या सागाच्या, आतल्या फासळ्या बाभळीच्या. बाभळीची फांदी मुळातच वाकडी वाढते. सुतार हिंडून हवा तसा बाक असलेली फांदी हेरून ठेवायचा. सरळ लाकूड वाकवायचं नाही, वाकडंच शोधायचं, हे तिला फार आवडे. उन्हाळ्यात पाणी आटलं की नाव काठावर ओढून पालथी घालायची. सांध्यांतला जुना कापूस उकरून काढायचा, तेलात भिजवलेला नवा कापूस पटाशीनं ठोकून ठोकून बसवायचा, वरून डांबर. काठावर त्या डांबराचा वास सुटला की पोरांना घरी कोण बोलावणार! पुन्हा पाण्यात लोटली की पहिला दिवस ती नाव पाणी प्यायची. वाळलेल्या लाकडाला फटी पडलेल्या असत, त्यातून पाणी आत येई आणि नावाड्याचं पोरगं डब्यानं ते उपसत बसे. दुसऱ्या दिवसापर्यंत लाकूड फुगायचं, फटी मिटायच्या. मग नारळ फुटायचा आणि तर, म्हणजे नावेची ये-जा, सुरू व्हायची.

नावाड्याला रोजचे पैसे नसत. सुगीला जोंधळ्याची पायली नाही तर पेंढ्या मिळत. सणाला त्याच्या घरी पुरणाची पोळी जायची. आणि नाव नसली की काहील होतीच. गुऱ्हाळातली ती गूळ कढवायची भलीमोठी लोखंडी कढई पुराच्या दिवसांत पाण्यात सोडून माणसं पल्याड जात. काहिलीला पुढचं-मागचं नसतं, त्यामुळे ती गरगर फिरते. आक्काची एक मावशी त्यात बसून माहेरी गेली आणि पल्याड उतरल्यावर अर्धा तास घाटावर डोकं धरून बसली, ही गोष्ट आम्ही दर पावसाळ्यात ऐकत असू.

अण्णांचं सगळं वेगळंच. ते बोलायला लागले की आधी पाया खणायचे. पुण्याच्या नदीवर होडी चालते कशी? खडकवासल्याचं धरण १८७०च्या दशकात झालं, मुठेचं पाणी तिथंच अडलं. उन्हाळ्यात शहरात नदी कसली, खडकच. पण खाली येरवड्याच्या अंगाला बंधारा आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी भरघोस देणगी देऊन तो बांधवला, पुण्याला पाणी मिळावं म्हणून. त्यावरूनच शेजारची बाग बंड गार्डन. त्या बंधाऱ्यानं फुगवटा मागे संगमापर्यंत येतो आणि ऐन मार्चातही वल्हं बुडेल एवढं पाणी राहतं. "एका पारशाच्या पुण्याईवर आम्ही होड्या हाकल्या," असं ते म्हणत आणि बंधाऱ्याच्या दिशेला हात जोडत. त्यांना घाई नसायची. संगम म्हटला की मध्येच १८१७ साल यायचं. ५ नोव्हेंबरला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून, नदी उतरून खडकीकडे गेला आणि मागे पेशव्यांच्या फौजेनं तो बंगला जाळला. लढाईचं अण्णांना फारसं वाटत नसे. त्या आगीत एल्फिन्स्टनची पुस्तकं गेली, याची हळहळ ते दरवेळी नव्यानं करत.

मग कॉलेज. ते १८५४चं. सरकारच्या बांधकाम खात्याला रस्ते, पूल, पाटबंधारे करणारी माणसं हवी होती, म्हणून निघालेलं. विश्वेश्वरय्या तिथलेच. आणि त्याच कॉलेजात संगमाजवळ बोट क्लब, आणि १९२८पासून दरवर्षी रेगाटा, म्हणजे होड्यांचा मेळा. मला यातलं नवल पुष्कळ उशिरा उमगलं. जिथे पूल झाला तिथली नाव बंद पडली. सांगलीला तेच झालं, नावाड्यांच्या घरात जोंधळा यायचा थांबला. आणि जिथे मुलांना पूल बांधायला शिकवत, तिथल्याच मुलांनी होडी सोडली नाही. पल्याड जायचं नव्हतं, मासे धरायचे नव्हते, कोणी पैसे देणार नव्हतं. तरी पहाटे उठून वल्ही मारत राहिली. होडीचं काम संपल्यावरही होडी जपावी असं वाटणं, याला मी मोठी गोष्ट मानते.

अण्णा एकदा आम्हा सगळ्यांना रेगाटा दाखवायला घेऊन गेले. मी शाळेत होते. साल ६५ की ६६, नक्की नाही. होळी जवळ आली होती, कारण आक्कानं पुरणासाठी डाळ निवडायला घेतली होती आणि ती तशीच सुपात सोडून निघावं लागलं म्हणून ती कुरकुरत होती. बरोबर सांगलीहून आलेलं भडंग, काकडीच्या फोडी आणि फिरकीच्या तांब्यात लिंबाचं सरबत. काठावर ही गर्दी! कॉलेजची मुलं, त्यांचे आईवडील, पेठांतली मंडळी, लष्करातली माणसं, पारशी कुटुंबं. नदीकडे तोंड करून एवढे पुणेकर एका जागी बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. गणपती विसर्जनाला बसतात, पण तेव्हा लक्ष गणपतीकडे.

आधी चपट्या तळाच्या रुंद होड्या आल्या. रांगेत, मग चौकोनात, मग एकमेकींत मिसळून पुन्हा सुट्या. एकीचा धक्का दुसरीला नाही. आक्काला त्या पसंत पडल्या. "ह्यात चार पोती बसतील," म्हणाली. मग शर्यतीच्या लांबलचक बोटी आल्या. आक्कानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि विचारलं, "भावजी, ही होडी म्हणायची का शेवग्याची शेंग?" आणि पाठोपाठ, "अगं बाई, ही पोरं पाठ करून कुठं निघाली? नावाडी पुढं बघतो."

अण्णा याच प्रश्नाची वाट पाहत असावेत. शर्यत संपल्यावर त्यांनी ओळखीच्या मुलांना विनवून आम्हाला काठाला लावलेल्या बोटीपाशी नेलं. मला ती अजून दिसते. पातळ लाकडाची, वॉर्निशनं मधाळ झालेली. बोटानं टिचकी मारली तर तबल्याच्या कडेचा आवाज येईल इतकी पातळ. बसायची पाटी चिमुकल्या चाकांवर, दोन रुळांतून मागे-पुढे सरकणारी. पाय पुढे पट्ट्यांत अडकवायचे. अण्णांनी सांगितलं, "वहिनी, जोर हातांचा नाही, पायांचा. पायांनी रेटायचं, पाटी मागे जाते, पाठ ताणते आणि हात शेवटी येतात." वल्ह्याचा टेकू बोटीच्या काठावर नव्हता, बाहेर काढलेल्या लोखंडी त्रिकोणावर होता, म्हणजे बोट अरुंद ठेवूनही वल्ह्याला लांबी मिळते. आक्का वाकून वाकून सांधे पाहत होती. कापूस कुठे ठोकलाय ते तिला सापडेना. शेवटी पाण्यात हात बुडवून तो कपाळाला लावला आणि त्या मुलाला म्हणाली, "उन्हात ठेवू नको रे बाळा, तडकेल." मुलानं मान डोलावली. आक्कानं त्याच्या ओंजळीत भडंग ओतलं.

नदीचं दुसरं रूप आम्ही त्याआधीच पाहिलं होतं. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी धरणावर वाळूची पोती रचून फुटणं काही तास लांबवलं, म्हणून पाणी दिवसाउजेडी आलं, नाहीतर किती माणसं झोपेत गेली असती. मी लहान; मला आठवतं ते घरच्यांच्या सांगण्यातूनच आठवत असावं. आक्का गल्लीच्या तोंडाशी गेली, पाणी पाहिलं, परत आली आणि कुणाला काही विचारू न देता पोरंबाळं घेऊन वरच्या अंगाला निघाली. नंतर म्हणायची, "कृष्णा पायरी पायरीनं चढते, सांगून येते. ही न सांगता आली." तिनं माहेरून आणलेली सागाची काठवट पुरानं घरातून नेली आणि आठवड्यानं ती मोदी गणपतीच्या बाजूला चिखलात मिळाली. घासूनपुसून, तेल लावून तिनं पुढं पंधरा-वीस वर्षं त्यातच भाकरी थापली. भांडी गेली, कपाट गेलं, ट्रंका गेल्या. लाकूड तरलं, एवढंच तिनं त्या पुरातून लक्षात ठेवलं.

अण्णा गेले तोवर बोटी फायबरच्या होऊ लागल्या होत्या. ते असते तर त्यांना दत्तू भोकनळांचं कौतुक किती वाटलं असतं! चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा २०१२ साली लष्करात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये येतो, पुण्यात वल्हं हातात धरतो, २०१६ला रिओच्या ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या नौकेत तेरावा येतो आणि २०१८ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण. ज्यानं पाणी खणून काढलं त्यानंच पाण्यावर नाव काढलं. आक्का नक्की म्हणाली असती, त्याला पुरणाची पोळी धाडा.

परवा माझा नातू मला रेगाट्याला घेऊन गेला. तो आता त्याच कॉलेजात आहे. कॉलेजचं २०२२पासून विद्यापीठ झालंय. महिना-दोन महिने पोरं रात्ररात्र सराव करतात. कयाकांचे बाण झाले, फुलं झाली. अंधार पडल्यावर मशाली फिरल्या, शेवटी दारूकाम. सगळं देखणं. पण वारा वळला की नदीचा वास येतो, आणि जलपर्णी माजली की ती काढल्याशिवाय वल्हं चालत नाही. नदीकाठ सुधारायचं काम शहरात चाललंय, दगडी घाट होताहेत. घाट होवोत बापडे. मला वाटतं आधी पाणी असं व्हावं की एखादी आक्का त्यात हात बुडवून कपाळाला लावेल. ज्या मुलांना त्या पाण्यात रोज उतरावं लागतं, त्यांचं याबाबतीत कुणीतरी ऐकायला हवं.

दारूकाम बघत मी नातवाला डिग्रजच्या नावेची गोष्ट सांगितली. त्याला ठाऊक नव्हतं की सांगलीला कृष्णेत अजून होड्यांच्या शर्यती होतात. पावसाळ्यात, नदी दुथडी असताना. डिग्रज, कवठेपिरान, समडोळी अशा गावांची मंडळं उतरतात, सरकारी घाटावर आणि पुलावर माणसांना उभं राहायला जागा नसते, हलगी कडाडते. पाठ करून कोणी जात नाही म्हणे. तिकडचे लोक होडी गमतीपुरती ठेवत नाहीत. २००५ आणि २०१९च्या महापुरात गावं बुडाली तेव्हा होडी हाच रस्ता होता. आणि ब्रह्मनाळ गावात माणसं घेऊन निघालेली बोट उलटली तो २०१९चा ऑगस्ट तिकडच्या कुठल्याही घरात विचारून बघा, बोलता बोलता गप्प होतात. होडी किती माणसांची, हे हातांना माहीत असलेली माणसं नदीकाठच्या गावात असावी लागतात. शर्यतींमुळे ती घडत राहतात.

नातवाला तिकडची वल्ही हातात धरून बघायची आहेत. सांधे कसे बुजवतात, बाभळीच्या फासळ्या अजून कोणी घालतं का, हे त्यानं वहीत लिहून ठेवलंय. आक्काच्या माहेरच्या भाचेसुनेला मी फोन केला. ती म्हणाली, शर्यतीच्या आदल्या दिवशीच या, घाटावर जागा धरावी लागते, नावाड्यांच्या घरच्यांशी गाठ घालून देते. भडंग आम्ही करू, तुम्ही तेवढी बाकरवडी आणा, आणि पाव किलोनं भागणार नाही, घरात माणसं बरीच आहेत.