टेम्सवरचा नावाडी

झोंबीपटात जमीन हातची गेली की सगळे पाण्याकडे पळतात. ‘वर्ल्ड वॉर झी’मध्ये (२०१३) वाचलेल्यांना जहाजांवर आसरा मिळतो. पण नायक मेला असं समजताच त्याच्या बायकामुलांची रवानगी पुन्हा जमिनीवर होते. मला त्या झोंबींपेक्षा या हिशोबाची भीती वाटली. तो जुना आहे.

१६६५. लंडनमध्ये प्लेग, नोंदवलेले बळीच अडुसष्ट हजारांवर. डॅनियल डिफोच्या ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’मध्ये (१७२२) टेम्स नदीत नांगरलेल्या जहाजांवर कुटुंबंच्या कुटुंबं दार लावून बसलेली दिसतात. आहे ती कादंबरीच, साथीच्या वेळी डिफो जेमतेम पाच वर्षांचा होता. पण त्यातला नावाडी माझ्या डोक्यातून जात नाही. घरात बायको आणि एक मूल आजारी. हा जहाजांना लागेल ते आणून देतो, वर चढत नाही, रात्री होडीतच झोपतो. कमाई घराजवळच्या दगडावर ठेवतो, लांब सरकतो आणि बायकोला हाक मारतो.

ज्या जहाजांकडे पुरेसा शिधा नव्हता, त्यांना किनाऱ्यावर जावं लागलं. रोग तिथूनच वर चढला, असं डिफो लिहितो.

फेब्रुवारी २०२०, योकोहामा. ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसं. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद. त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवणारे कर्मचारी मात्र दाटीवाटीच्या, एकत्र खोल्यांत झोपत होते. त्यांत आपले भारतीयही होते.