जिंझूकाठचं दुखणं

कळ आली की जपानी माणूस ‘इताई’ म्हणतो, आपण ‘आई गं’ म्हणतो तसं. तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठच्या शेतकरी बायका रात्रंदिवस तेच म्हणत, म्हणून त्यांच्या आजाराचं नावच ‘इताई-इताई’ पडलं. खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडायची. बहुतेक जणी वयाने प्रौढ, अनेक बाळंतपणं झालेल्या.

१९४६ मध्ये युद्धावरून परतलेल्या डॉ. नोबोरू हागिनो यांनी गावचा वडिलोपार्जित दवाखाना पुन्हा हाती घेतला. या बायकांची घरं त्यांनी नकाशावर एकेक ठिपका देऊन मांडली. जिंझूचं पाणी ज्या भातखाचरांत खेळत होतं, तिथेच ठिपके दाटले. नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती. तिथून जस्त आणि शिसं काढून झालं की उरलेला गाळ नदीत जायचा. १९५७ मध्ये हागिनोंनी या खाणीकडे बोट दाखवलं. पुढे रसायनशास्त्रज्ञ जुन कोबायाशी यांच्या साथीने गुन्हेगाराचं नाव पुढे आलं: कॅडमियम, गाळातून पाण्यात आणि भातात उतरणारा धातू.

त्याच १९५७ साली हार्वर्डमध्ये मार्गोशेस आणि व्हॅली या संशोधकांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून कॅडमियम धरून ठेवणारं एक प्रथिन वेगळं काढलं. दोन्ही कामांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण जिंझूकाठचं कोडं या प्रथिनाशिवाय उलगडत नाही. त्याचं नाव पुढे मेटॅलोथायोनिन ठेवलं गेलं. सुमारे साठ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. त्यांतली वीस म्हणजे गंधकवाली सिस्टीन. धातू पकडून ठेवतात ती हीच.

कॅडमियम आत शिरलं की पेशीतल्या इतर प्रथिनांना चिकटलेलं जस्त सुटतं. त्या सुट्या जस्ताची चाहूल लागताच मेटॅलोथायोनिनचं जनुक जागं होतं आणि एरवी बेताने बनणारं हे प्रथिन कित्येक पटींनी बनू लागतं. यकृतात हे विष असं बांधून ठेवलं जातं. बचाव उत्तमच, पण त्यातलं थोडं थोडं प्रथिन रक्तात उतरतं, मूत्रपिंडात गाळलं जातं आणि तिथल्या नलिकांच्या पेशी ते परत शोषून घेतात. तिथे प्रथिन मोडतं आणि कॅडमियम मोकळं होतं. या पेशीही नवं मेटॅलोथायोनिन बनवत राहतात, पण साठा हाताबाहेर गेला की त्या निकामी होतात. मग लघवीतून प्रथिनं आणि फॉस्फेट वाहून जातात, हाडं मऊ पडतात. लघवीतल्या प्रथिनांची ही खूण लार्स फ्रीबर्ग या संशोधकाने १९५० मध्येच स्वीडनच्या कॅडमियम वापरणाऱ्या बॅटरी कारखान्यातल्या कामगारांमध्ये नोंदवली होती.

जपान सरकारने १९६८ मध्ये हा आजार प्रदूषणाचा म्हणून मान्य केला. १९७१ मध्ये गावकरी खाण कंपनीविरुद्धचा खटला जिंकले, १९७२ मध्ये अपीलही. शेतांतली विषारी माती पालटायचं काम २०१२ पर्यंत चाललं. माती पालटता आली. मूत्रपिंडात मुरलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात, आणि ते धुऊन काढणारं खात्रीचं औषध आजही नाही.