उंबऱ्याआतले बालपण

सातवीच्या वर्गात बालकामगारांविषयी बोलणे चालले होते. "तुमच्यापैकी कोण कोण काम करतं?" असे मी विचारले. एकही हात वर झाला नाही. मग विचारले, "काल मगरिबनंतर काय केलंत?" एक मुलगी म्हणाली, "डझनभर ओढण्यांना टिकल्या लावल्या." मी म्हटले, "मग हे काम नाही का?" ती हसली. "आपा, वो तो घर का काम है."

हे उत्तर मला नवीन नव्हते. माझी दादी मालेगावची. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून जी विणकर कुटुंबे तिथे येऊन वसली, त्यांतले तिचे माहेर. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती हातमागासाठी कांड्या भरायची. पण "तुम्ही लहानपणी काम करत होता का?" असे विचारले की म्हणायची, "नाही गं, आम्ही तर खेळतच होतो."

बालपणाचा इतिहास लिहिणाऱ्यांची अडचण नेमकी इथे आहे. १९६० साली फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने असे मांडले की, मध्ययुगीन युरोपात बालपण ही वेगळी कल्पनाच नव्हती. मूल जरा चालते-बोलते झाले की ते मोठ्यांच्या जगात मिसळून जाई. पुरावा म्हणून त्याने जुनी चित्रे दाखवली. त्यांत मुलांच्या अंगावर मोठ्यांसारखेच कपडे होते. १९८३ मध्ये लिंडा पोलॉक या संशोधिकेने शेकडो रोजनिशा आणि आत्मचरित्रे तपासून त्याला उत्तर दिले. आईबापांना मुलांचे कौतुक तेव्हाही होते, मूल दगावल्याचे दुःखही तेवढेच होते, असे तिने दाखवले.

आपल्या घरांकडे पाहिले तर पोलॉकचे म्हणणे पटते. सातव्या दिवशी अकीका, चार वर्षे चार महिने चार दिवसांचे झाल्यावर बिस्मिल्ला, सातव्या वर्षी नमाजची सवय, मग पहिला रोजा आणि त्याची रोजाकुशाई. बालपणाच्या एवढ्या पायऱ्या मोजणाऱ्या समाजाला बालपण ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? पण या साऱ्या पायऱ्या मोठ्यांनी बांधलेल्या. त्या चढताना मुलाला काय वाटले, हे कुणी लिहून ठेवले?

सरकारी कागदांत मूल दिसते, पण घराबाहेर पडल्यावर. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाचे नऊ तास ठरवले. नऊ तास! आणि ही सुधारणा होती. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, तास सात झाले. पण हे सारे मोठ्या गिरण्यांसाठी. घरातला माग या कायद्याच्या कक्षेतच नव्हता.

पुढे १९३८ चा कायदा आला. विडी, गालिचे, कापड विणणे, रंगवणे अशा धंद्यांच्या कारखान्यांत बारा वर्षांखालील मुलांना बंदी झाली. मात्र मालक फक्त आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करत असेल, तर ही बंदी लागू नव्हती. दादी कांड्या भरत होती ती यानंतरच्या काळात. १९८६ च्या कायद्यातही कुटुंबाची ही सवलत राहिली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सगळ्याच धंद्यांत बंदी केली. तरी शाळा सुटल्यावर आणि सुटीत, धोक्याचा नसलेला घरचा धंदा मोकळाच राहिला. म्हणजे कायदा दरवेळी आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आणि बाहेरच थांबला.

मी आईबापांना दोष देत नाही. डझनामागे मिळणाऱ्या पैशांवर कुणाच्या घरची चूल पेटते, हे मला ठाऊक आहे. आईशेजारी बसून हुनर शिकण्यात आनंद असतो, हेही खरे. दादी खोटे बोलत नव्हती. पण तिला कुराणशरीफ वाचता यायचे, स्वतःचे नाव मात्र लिहिता येत नव्हते. हेही त्याच बालपणाचे सत्य आहे. तिच्या धाकट्या भावाला मदरशात पाठवले गेले. कांड्या तर कुणीतरी भरायलाच हव्या होत्या!

मुलाच्या हातात लेखणी आली की काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्या काळच्या दलित मुलीचे जग आज आपल्याला तिच्याच शब्दांत वाचता येते, ते ती शाळेत गेली म्हणून, आणि तिचे लिहिणे कुणीतरी छापले म्हणून.

त्या दिवशी मी मुलांना दोन पाने लिहायला सांगितली. एकावर आपली कालची संध्याकाळ, दुसऱ्यावर दादीची किंवा नानीची, त्यांना विचारून. टिकल्या लावणाऱ्या मुलीने पहिल्या पानावर लिहिले होते की, काम संपेपर्यंत बहिणीला झोप लागली आणि स्वतःचा गृहपाठ राहिला. खाली एक ओळ होती : "नानी म्हणाली, मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

ती वही मी जपून ठेवली आहे. इतिहासाचा तो एक कागद आहे.