वाहन-स्वयंचलनाच्या पातळ्या

मोटार चालवण्याचे काम माणूस आणि यंत्रणा यांच्यात कसे वाटले आहे, हे सांगणारी ० ते ५ अशी श्रेणी. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये जे-३०१६ या दस्तऐवजात ती मांडली. २०१६, २०१८ आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाल्या.

शून्य पातळीवर यंत्रणा फक्त इशारा देते किंवा आणीबाणीत क्षणभर ब्रेक लावते. पहिलीत ती स्टिअरिंग किंवा वेग यांपैकी एकच सांभाळते, दुसरीत दोन्ही. रस्त्यावर नजर मात्र चालकानेच ठेवायची. तिसरीत ठरावीक परिस्थितीपुरती गाडी यंत्रणा चालवते आणि तिने सांगितले की चालकाने ताबा घ्यायचा. चौथीत नेमून दिलेल्या हद्दीत माणसाची गरज नसते. पाचवीला हद्दच नाही. तशी गाडी अजून कुठेही विक्रीला आलेली नाही. आकडा जितका मोठा तितकी गाडी सुरक्षित, हा समज सर्रास आढळतो आणि तो घातक आहे. आकड्यातून कळते ती जबाबदारीची वाटणी.

म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने दुसरी आणि तिसरी यांच्यामधली रेघ सर्वांत नाजूक. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १५७ ने (स्वीकृती २०२०) तिसऱ्या पातळीला आधी ताशी ६० किमीपर्यंतच मुभा दिली. पुढे ही मर्यादा १३० झाली. सूचना देऊनही चालकाने ताबा घेतला नाही, तर गाडी आपणहून थांबवण्याआधी यंत्रणेने साधारण दहा सेकंद वाट पाहायची असते. ताशी ६० च्या वेगाने तेवढ्यात गाडी सुमारे १६७ मीटर पुढे जाते. ब्रिटनने २०२४ च्या कायद्याने गाडीच्या क्षमतेबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात हा गुन्हा ठरवला.

भारताच्या मोटार वाहन अधिनियमात (१९८८) या पातळ्यांची व्याख्या नाही. कलम ३ प्रमाणे गाडी चालवणारी व्यक्ती परवानाधारक हवी. कलम १२६ उभ्या गाडीलाही लागू आहे : इंजिन चालू ठेवून गाडी उभी करायची, तर चालकाच्या जागेवर परवानाधारक बसलेला असला पाहिजे. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० मध्ये (२०२१) दुसऱ्या पातळीच्या सोयी आल्या, तरी कायद्याच्या लेखी चालक माणूसच आहे. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम २-ब मुळे संशोधनासाठी काही वाहनांना अधिनियमातून सूट देता येते. एआयएस-१६२ (आणीबाणीचे ब्रेक), एआयएस-१८८ (मार्गिका सुटल्याचा इशारा) ही मानके एकेका सोयीची आहेत. ती तयार करणाऱ्या समितीचे सचिवालय पुण्याच्या एआरएआय या संस्थेकडे आहे. चालकांचा रोजगार जाईल म्हणून केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी चालकविरहित गाड्यांना २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जाहीर विरोध केला.

कोणतीही पातळी तिच्या कार्यकक्षेशिवाय, म्हणजे रस्ता, हवामान, वेग यांच्या अटींशिवाय निरर्थक आहे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात गळीत हंगामात हे चटकन ध्यानात येते. चिमणगावच्या साखर कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रीही जात असतात. मोळ्या बाहेर आलेल्या, मागचे दिवे अन् रिफ्लेक्टर वाढ्यांआड झाकलेले. टायर फुटला की ट्रॉली चाकाला दगड लावून रस्त्यातच उभी. मार्गिका ओळखणारा कॅमेरा पांढरे पट्टे शोधतो, आणि गावाकडच्या रस्त्यावर ते पुसलेले तरी असतात किंवा मुळात मारलेलेच नसतात. पुढच्या गाडीशी अंतर राखणारे क्रूझ नियंत्रण वेगात असताना उभ्या वाहनासाठी ब्रेक लावेलच असे नाही. गाडीसोबतच्या पुस्तिकांतही तसा इशारा असतो. पुणे–सातारा महामार्गावर दुसऱ्या पातळीवर आलेली गाडी कोरेगावच्या आडरस्त्यावर व्यवहारात शून्यावर येते. भारतीय नियमांत नुसता पातळीचा आकडा घेऊन भागणार नाही. गाडी विकताना तिची कार्यकक्षा ग्राहकाला मराठीत, लेखी देण्याचे बंधन त्यासोबत हवे.